गुलाबी गोळा आणि मागाचं प्लास्टिक

वाचक लिहितात:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी इचलकरंजीची, वय ३४. २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा मला बरेच दिवस स्टेरॉइड द्यावी लागली. वर्षभरानं उजव्या जांघेत दुखायला लागलं. वात असेल म्हणून तेल लावलं, शेक घेतला, तसेच सहा महिने गेले. शेवटी एमआरआय काढला तर दोन्ही खुब्यांत एव्हीएन, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरतं तो आजार. उजव्या खुब्याचा गोळा आता खचलाय, डावा दुसऱ्या टप्प्यात आहे म्हणतात. घरचे आठ माग आहेत, त्यांचा हिशेब मी बघते. आता जिना चढताना कठडा धरावा लागतो. मुलगी पाच वर्षांची आहे आणि आम्हाला दुसरं मूल हवं आहे.

सर्जननी उजवा खुबा बदलायला सांगितलाय. कागदावर तीन प्रकार लिहून दिले: मेटल-पॉली, सिरॅमिक-पॉली, सिरॅमिक-सिरॅमिक. पहिल्यात आणि तिसऱ्यात जवळजवळ लाखाचा फरक. तिथल्या काउन्सेलर मुलीनं माझ्या हातात एक गुलाबी गोळा ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, हा लाइफटाइम.” भाऊ म्हणतो पन्नाशीपर्यंत कळ काढ, मग एकदाच कर. पुतण्या म्हणतो, तो टेनिसवाला अँडी मरे मेटल बसवून परत खेळला, तूही तेच घे. जाऊबाईंच्या आईनं सोन्याचा गुडघा बसवलाय, त्या म्हणतात खुबासुद्धा सोन्याचा मिळतो. मी नेमकं काय घेऊ?

उत्तर:

ताई, तुम्ही ‘नेमकं काय’ विचारलंत, म्हणून नेमकंच सांगतो. तुमच्या जागी माझी धाकटी बहीण असती तर मी कागदावरच्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं असतं. सिरॅमिकचा गोळा, त्याखाली क्रॉसलिंक्ड प्लास्टिकचा लाइनर, आणि हाडात बसणारे दोन्ही भाग टायटॅनियमचे, सिमेंटशिवाय. उद्या घरातले चार जण चार प्रश्न विचारतील, तेव्हा यामागची कारणं तुमच्याकडे असलेली बरी.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. तो बदलतात तेव्हा चार तुकडे बसतात: कमरेच्या हाडात कप, कपात लाइनर म्हणजे अस्तर, मांडीच्या हाडात दांडा म्हणजे स्टेम, आणि स्टेमच्या टोकावर गोळा. या चौघांची कामं दोन. कप आणि स्टेमनं हाडाला धरून राहायचं, गोळा आणि लाइनरनं एकमेकांवर घासायचं. धरून राहायला जे उत्तम, ते घासायला उत्तम असतंच असं नाही. “सगळं टायटॅनियमचं टाका डॉक्टर, पैशाची काळजी नको,” असं सांगणारे पुष्कळ भेटले. टायटॅनियमच्या खडबडीत पृष्ठभागात हाड वाढतं आणि त्याला घट्ट पकडतं. शिवाय कोबाल्ट-क्रोमच्या मानानं ते निम्मंच ताठ असतं, त्यामुळे चालताना हाडावर थोडाफार भार येत राहतो. भार न येणारं हाड आळसावतं, विरळ होत जातं. पण याच टायटॅनियमचा गोळा केला तर तो लवकर खरवडतो आणि आजूबाजूचं मांस काळं करतो. म्हणून टायटॅनियम हाडात हवं, सांध्यात नको.

सिमेंटचं, म्हणजे हे भाग हाडात चिकटवायच्या मसाल्याचं, थोडक्यात. सत्तरीच्या आजींना सिमेंटचा स्टेम उत्तम चालतो, कधीकधी तोच बरा असतो. तुमच्या वयाला हाड वाढून पकड घेणारा, म्हणजे अनसिमेंटेड. यावर तुमच्या सर्जनचं आणि माझं दुमत असेल असं वाटत नाही.

खरा वाद घासणाऱ्या जोडीचा आहे. आणि तुम्ही इचलकरंजीच्या आहात म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये रायटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. तिथे जॉन चार्नली हे सर्जन आजच्या खुब्याचा पाया घालत होते. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी लाइनरसाठी टेफ्लॉन वापरलं, हेच आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. गुळगुळीत म्हणून घेतलं होतं. सुमारे ३०० रुग्णांना बसवलं, आणि दोन-तीन वर्षांत ते झिजून त्याचा चोथा झाला. चोथ्याभोवती गाठी धरल्या, हाड खाल्लं गेलं. चार्नलींनी टेफ्लॉनचा भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. तिथेही गाठी आल्या. त्यांनी एकेक करून रुग्णांचे सांधे काढायला घेतले.

याच सुमाराला एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत प्लास्टिकचा एक तुकडा घेऊन आला. कुठलं प्लास्टिक? लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाच्या भागांसाठी वापरायचं, दिवसभर आपटणं आणि घासणं सोसणारं. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, ठसा उमटला, म्हणाले हे मऊ आहे, वेळ घालवू नका. आणि निघून गेले. त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन यानं साहेबांचं न ऐकता तुकडा झिजवायच्या यंत्रावर चढवला आणि दिवसरात्र चालू ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या प्लास्टिकचा पहिला खुबा बसला. त्याला पॉलिइथिलीन म्हणतात. तुमच्या कागदावरच्या पहिल्या दोन ओळींतलं ‘पॉली’ ते हेच. तुमच्या घरात धोटा जिथे दिवसभर खडखडतो, त्याच जातीच्या यंत्रावरून ते माणसाच्या खुब्यात आलं.

तेव्हा तुम्हाला कुणी “पॉली म्हणजे साधं प्लास्टिक, स्वस्तातलं” म्हणालं तर नाक मुरडू नका. पण ते आंधळेपणानं घ्यायचंही नाही, कारण त्याचा दुसरा चेहरा मी जवळून पाहिला आहे.

माझ्या टेबलाच्या खणात एक लाइनर आहे. नव्वदीच्या दशकात मी एका तरुण शिक्षिकेचा खुबा बदलला होता. मेटलचा गोळा आणि त्या काळचं पॉली. पहिली आठ-नऊ वर्षं बाई टुणटुणीत होत्या. प्रत्येक दिवाळीला घरी फराळ यायचा. म्हणून त्या तपासायला आल्या नाहीत आणि मीही बोलावलं नाही, ही चूक माझी. अकराव्या वर्षी लंगडत आल्या. एक्स-रेत कपामागचं हाड मुंग्यांनी वारूळ केल्यासारखं पोकळ. उघडून लाइनर काढला तो पिवळा पडलेला, कडेला तडे गेलेला, आणि एका बाजूनं इतका पातळ की जुन्या चपलेची टाच आठवावी. घासताना निघालेले कण इतके बारीक असतात की साध्या डोळ्याला दिसत नाहीत. शरीरातल्या पेशी ते परके म्हणून गिळतात, पचवू शकत नाहीत, चिडतात, आणि त्या चिडण्यात शेजारचं हाड विरघळवतात. नवीन सांध्यात झिजतं प्लास्टिक आणि जातं हाड. प्लास्टिक पुन्हा विकत मिळतं. हाड मिळत नाही. त्या बाईंच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला मला साडेचार तास लागले, आणि बँकेतून आणलेलं हाड भरावं लागलं.

यातून एकच गोष्ट शिकलो. तरुण माणसाच्या खुब्यात सगळ्यात महत्त्वाचा तुकडा म्हणजे लाइनर. तो कुणी हातात ठेवून दाखवत नाही, कारण तो दिसायला तांदळाच्या पापडासारखा पांढरा, कंटाळवाणा असतो.

नव्वदीच्या शेवटी या लाइनरमध्ये बदल झाला. पॉलिइथिलीन म्हणजे लांबच लांब धाग्यांचा पुंजका. ताणा आहे पण बाणा नाही, असं समजा. घासलं की धागे एका दिशेला सरळ होतात आणि आडव्या घासण्यात सुटे होऊन निघतात. मग त्यावर गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरणांचा मोठा मारा करायला सुरुवात झाली. त्यामुळे शेजारशेजारचे धागे आडवे बांधले जातात. हेच क्रॉसलिंकिंग. नंतर ते तापवून किरणांमुळे राहिलेली रासायनिक अस्थिरता घालवतात. काही कंपन्या तापवण्याऐवजी त्यात ई जीवनसत्त्व मिसळतात, म्हणजे ते पिवळं पडून ठिसूळ होत नाही. फरक किती? जुनं पॉली वर्षाला ०.१ मिलिमीटर किंवा जास्तच झिजायचं, आणि हाड पोखरायला सुरुवात होते ती साधारण त्याच वेगापासून. नवं वर्षाला ०.०५ मिलिमीटरच्याही आत राहतं. चालतं माणूस एका पायानं वर्षाला सुमारे दहा लाख पावलं टाकतं आणि तुमच्या वयाचं, जिना-मुलगी-मागवालं माणूस त्याहून जास्त, हे ध्यानात घेतलं तर तो फरक केवढा हे कळेल. वीस वर्षांहून जास्त काळ ते वापरात आहे, आणि कणांनी हाड पोखरलेले रुग्ण मी अलीकडे क्वचितच पाहिले.

म्हणून पुढच्या भेटीत पहिला प्रश्न गोळ्याबद्दल विचारू नका. विचारा: “पॉली क्रॉसलिंक्ड आहे ना? डब्यावर दाखवाल का?” आपल्याकडे अजूनही काही स्वस्त पॅकेजांत साधं पॉली बसतं. सत्तरीत ते चालून जाईल. चौतिशीत नाही.

आता गोळा. मेटलचा म्हणजे कोबाल्ट-क्रोमचा. टणक, वर्षानुवर्षं वापरलेला, स्वस्त. त्याची दोन दुखणी. एक म्हणजे त्याच्यावर ओरखडा पडला की तो कानशीसारखा प्लास्टिक घासायला लागतो. दुसरं, गोळा स्टेमच्या टोकावर जिथे ठोकून बसवतात तिथे दोन वेगळे धातू ओल्या जागेत एकमेकांना चिकटून हलके हलतात. तिथे गंज धरतो, धातूचे आयन सुटतात, काही जणांत आजूबाजूच्या मांसाला त्रास होतो. मोठ्या मापाच्या मेटल गोळ्यांत हे जास्त. सिरॅमिकचा गोळा धातूपेक्षा कितीतरी कठीण, आरशासारखा गुळगुळीत, त्यावर ओरखडा जवळजवळ पडत नाही, आणि त्या टोकावरचा गंजही खूप कमी होतो. खरं सांगायचं तर क्रॉसलिंक्ड पॉलीवर मेटल आणि सिरॅमिक यांच्या झिजेत फार मोठी तफावत नाही. मी सिरॅमिकला मत देतो ते मुख्यतः त्या गंजापायी, आणि तुम्हाला पुढची चाळीस-पन्नास वर्षं काढायची आहेत म्हणून.

तुमच्या हातात दिलेला गोळा गुलाबी होता म्हणजे तो आजच्या पिढीचा. अल्युमिना आणि झिर्कोनिया यांचं मिश्रण असतं, गुलाबी छटा त्यातल्या क्रोमियम ऑक्साइडमुळे येते. आधीचे नुसत्या अल्युमिनाचे गोळे क्वचित फुटायचे. या मिश्रणाचे फुटण्याचं प्रमाण लाखात मोजक्या गोळ्यांपुरतं आलं आहे. काउन्सेलर मुलीला दोष देत नाही, तिला जे पाठ करायला दिलं ते ती म्हणाली. पण ‘लाइफटाइम’ हा शब्द प्रेशर कुकरला शोभतो. खुब्याला लिहून देणारा मला अजून भेटलेला नाही.

सिरॅमिक गोळा महाग वाटला किंवा मिळाला नाही तर ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा विचारा. आत धातू, वर काही मायक्रॉनचा सिरॅमिकसारखा थर. फुटत नाही, फक्त सांधा निखळून तो कपाच्या कडेवर घासला तर थर खराब होतो. चांगला पर्याय आहे.

मग तिसरी ओळ का नको? सिरॅमिकवर सिरॅमिक ही जोडी सगळ्यात कमी झिजते, यात वादच नाही. फ्रान्समधल्या पो गावात पिएर बुताँ यांनी ती १९७० मध्येच सुरू केली. कागदावर तरुणांसाठी हीच आदर्श. अडचण अशी की ती माफ करत नाही. कप साधारण ४० अंशांत कलता आणि थोडा पुढे तोंड करून बसावा लागतो. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर पॉली निमूट सोसतं. सिरॅमिकचा लाइनर मात्र गोळा कडेवर घासायला लागला की कुरकुरतो, अक्षरशः. मंदिरातल्या शांततेत वाकलं की गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज येतो, असं सांगणारे रुग्ण मी पाहिलेत. धोका नसतो बहुतेक वेळा, पण माणूस हैराण होतं. आणि फुटण्याची शक्यता गोळ्यापेक्षा लाइनरला जास्त, तीही अगदी थोडी. पण फुटलाच तर काचेच्या चुऱ्यासारखे कण सगळ्या सांध्यात पसरतात. कितीही धुतलं तरी काही राहतात. मग तिथे मेटलचा गोळा टाकता येत नाही, कारण ते कण त्याला पॉलिश पेपरसारखे घासत सुटतात. दुसरी शस्त्रक्रिया अडचणीची होते ती इथे.

शिवाय तुमच्या चणीच्या बाईला कप लहान बसतो. लहान कपात पॉली असेल तर सर्जनला कड थोडी उंच असलेला लाइनर टाकता येतो, निखळू नये म्हणून. सिरॅमिकच्या लाइनरमध्ये अशी मोकळीक नाही. तुमचे सर्जन वर्षानुवर्षं तिसरी जोडीच बसवत असतील, त्यांचा हात त्यावर बसला असेल आणि ते स्वतः म्हणाले की तुम्हाला हीच देतो, तर माझ्या पत्रावरून त्यांच्याशी भांडू नका. पण “महाग आहे म्हणजे चांगलंच असणार” एवढ्याच कारणानं लाखाचा फरक देऊ नका.

आता पुतण्याचा अँडी मरे. खरी गोष्ट आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये त्यानं अँटवर्पची स्पर्धा जिंकली. पण त्यानं केलं ते रिसर्फेसिंग. गोळा कापून टाकायचा नाही, दातावर कॅप बसवावी तशी त्यावर धातूची टोपी बसवायची, आणि समोर धातूचाच कप. धातूवर धातू. मोठ्या हाडाच्या, तगड्या पुरुषाला ते चांगलं जमतं. तुम्हाला तीन कारणांनी नाही. टोपीला आत टेकायला जिवंत हाड लागतं आणि एव्हीएनमध्ये नेमका गोळाच मेलेला असतो. बायकांत आणि लहान मापांत ते लवकर बिघडतं. त्याच्या निर्मात्या कंपनीनंच २०१५ मध्ये लहान मापं मागे घेतली आणि बायकांसाठी वापरू नका असं सांगितलं. आणि तिसरं, धातूवर धातू घासून सुटणारे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात जातात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतात. तुम्हाला दुसरं मूल हवं आहे. विषय संपला.

धातूवर धातूचा धडा आपल्या देशानं महागात शिकला आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा तरुणांसाठी, जास्त हालचाल करणाऱ्यांसाठी म्हणून खपवला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला, तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या अंगात गेला होता. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारच्या समितीनं पुढे चौकशी केली तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांचा पत्ताच लागला नाही. कुणाच्या अंगात काय आहे याची नोंद ना दवाखान्यात धड, ना घरी. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे. आणि नवीन आलेलं, ‘खास तरुणांसाठी’ म्हणून मिरवणारं काही कुणी सुचवलं तर ही आकडेवारीही आठवा. मला स्वतःला दहा वर्षांचा हिशेब नसलेली वस्तू चौतीस वर्षांच्या बाईला बसवायला हात धजत नाही.

जाऊबाईंच्या आईचा गुडघा सोन्याचा नाही हो. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा असतो. नकली दागिने घातले की ज्यांच्या मानेवर पुरळ येतं, निकेलची खरी अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यासाठी त्याचा विचार होतो. त्यामुळे सांधा जास्त वर्षं टिकतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही. जाहिरातीच्या फलकावर चमकतो छान.

भावाचं म्हणणं चुकीचं नाही, जुनं आहे. आमच्या पिढीच्या सर्जननीच ते लोकांच्या डोक्यात घातलं. तेव्हा सांधे दहा-पंधरा वर्षांत जायचे, म्हणून तरुणाला “अजून कळ काढ” सांगायचो. आज सोळा वर्षं थांबणं म्हणजे काय होईल? उजव्या मांडीचा स्नायू वाळेल, पाय आखूड पडेल, कंबर वाकडी होईल, आणि लंगडत चालून डाव्या खुब्यावर आणि गुडघ्यावर जास्तीचा भार येईल. मुलगी एकवीस वर्षांची झालेली असेल. पन्नाशीत चांगला सांधा मिळून ही वर्षं परत येणार नाहीत.

पण भावाची काळजी ज्या मुद्द्यावर आहे तो खरा आहे, आणि तो लपवणार नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जुन्या सांध्यांचा मोठा हिशेब आला. खुब्यांपैकी २५ वर्षांनी शंभरातले सुमारे ५८ टिकलेले होते. ते बहुतेक जुन्या सामानाचे आणि वयस्कर माणसांचे. नवं सामान त्याहून चांगलं करेल असं मला वाटतं. पण वय ३४ आणि आयुष्य ऐंशीपर्यंत धरलं, तर कधीतरी दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागेल असं समजूनच सुरुवात करा. म्हणूनही मी मधली ओळ सांगतो. पॉली झिजल्याचं वेळेत लक्षात आलं, तर हाडात रुजलेला कप आणि स्टेम तसेच ठेवून फक्त लाइनर आणि गोळा बदलता येतो. तुलनेनं छोटी शस्त्रक्रिया. अट एवढीच की हाड खाल्लं जायच्या आत लक्षात यावं, आणि तेव्हा त्या मापाचा, त्या कंपनीचा लाइनर मिळावा. त्यासाठी दर एक-दोन वर्षांनी एक्स-रे. दुखत नसताना. माझ्या शिक्षिकेसारखं करू नका.

पैशाचं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या साध्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक कर अशी ती होती. त्या आदेशात खुबा नव्हता. म्हणून एकाच सामानाचे दोन दवाखान्यांत दोन भाव ऐकू येतात. इम्प्लांटचं स्वतंत्र बिल मागा, डब्यावरची एमआरपी बघा, आणि भाव करायला लाजू नका. सुताच्या भावात जेवढी घासाघीस करता तेवढी इथेही चालते. सरकारी योजनेतून काही होतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, पण त्यात मिळणारं पॉली कुठलं ते विचारायला विसरू नका.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला फरक द्या. तिसऱ्या ओळीचा वाचलेला पैसा फिजिओथेरपीला आणि घरी कमोड बसवायला ठेवा. आणि सर्जन निवडताना विचारा की वर्षाला खुबे किती करता. गुडघे नव्हेत, खुबे. आपल्याकडे गुडघ्यांचे सर्जन पुष्कळ आहेत, खुब्याला हात बसलेले कमी. कप आठ-दहा अंशांनी चुकला तर जगातलं उत्तम सिरॅमिकही तुम्हाला वाचवणार नाही.

आणखी एक विचारून ठेवा: “या कपला आणि स्टेमला ओडेप रेटिंग किती?” ब्रिटनमधली तज्ज्ञांची समिती सांध्यांच्या नोंदी तपासून ते देते. ‘टेन ए स्टार’ म्हणजे दहा वर्षांच्या भक्कम नोंदी आणि शंभरातल्या पाचांपेक्षा कमी पुन्हा बदलावे लागलेले. सर्जन प्रश्नावर हसले तर चांगलं, चिडले तर दुसरं मत घ्या.

गोळ्याचं माप बहुधा ३२ मिलिमीटर मिळेल, कप मोठा बसला तर ३६. ते त्यांच्यावर सोडा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रत्येक डब्यातून स्टिकरं निघतात, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. एक संच केसपेपरला लागतो. दुसरा तुम्ही मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘टोटल हिप’ लिहून देतात, ते पुरे नाही. स्टिकरं वहीत चिकटवा, मोबाइलवर फोटो काढा, तो भावाला आणि पुतण्याला पाठवा, तेवढंच त्यांना काम. ती साडेतीन हजार माणसं सापडली नाहीत ती याच चिटोऱ्यांअभावी. आणि वीस वर्षांनी कुणा तरुण सर्जनला तुमचा लाइनर बदलायचा असेल तर तो पहिली हीच वही मागेल.

बाळाचं विचारलंत. खुबा बदलल्यावर दिवस राहायला आणि नैसर्गिक प्रसूतीलाही हरकत नसते. केवळ खुब्यापायी सिझेरियन लागत नाही. मी माझ्या रुग्णांना सांध्याला वर्षभर रुजू द्या एवढं सांगायचो. प्रसूतीच्या टेबलावर पाय किती फाकवायचे आणि वळवायचे हे तुमच्या डॉक्टरीणबाईंना आधी सांगून ठेवा. गरोदरपणात एक्स-रे काढायचा नाही, तेव्हा त्याआधीचा एक ताजा काढून ठेवा.

उकिडवं बसणं सोडा. भारतीय संडास, खाली वाकून लादी पुसणं, गुडघे आत वळवून खालची वस्तू उचलणं, सांधा निखळतो तो अशा वेळी. मांडी त्या मानानं कमी धोक्याची, काही महिन्यांनी सर्जन बहुतेक परवानगी देतील, पण जेवायला टेबल घ्या. मागाच्या शेडमधल्या ओल्या, तेलकट जमिनीवर पहिले तीन महिने जायचं नाही. आणि मिश्री लावत असाल तर आजपासून बंद. दाताला लावली तरी तंबाखू ती तंबाखूच, आणि हाड कपाला धरायला नको म्हणते. हे मी प्रत्येक बाईला विचारतो आणि प्रत्येक बाई आधी नाही म्हणते.

डावा खुबाही आत्ताच कुणी बदलायला निघालं तर थांबवा. दुसऱ्या टप्प्यात गोळ्याचा आकार शाबूत असतो. तिथे छिद्र पाडून आतला दाब कमी करायची छोटी शस्त्रक्रिया आहे, ती तुमच्या बाबतीत बसते का हे उजव्याच्या वेळीच विचारा. उजवा बरा झाला की डाव्यावरचा भारही उतरेल. सहा महिन्यांनी त्याचा एक्स-रे काढा आणि मला लिहा, आधीचा एमआरआयही सोबत पाठवा.